पिंपळदंडचा कानोसा

चौथ्यांदा कार्ड लिहिलं, चौथ्यांदा पेटीत सरकवलं आणि चौथ्यांदा पेटीनं मला नुसता लाल दिवा दाखवला. लाल म्हणजे वीज पोचली. हिरवा लुकलुकला तर समजायचं की पेटी कार्ड वाचतेय, उठतेय. हिरवा काही लुकलुकत नव्हता. बाहेर ऑगस्टचा पाऊस नवव्या दिवशीही त्याच चिकाटीनं पडत होता आणि पोरांअभावी बंद पडलेल्या शाळेच्या एका खोलीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन दातओठ खात बसले होते.

"मेली काय गं?" ठकूकाकीनं दारातून विचारलं. तिचा गोठा शाळेला लागूनच.

"मेली नाही काकी. उठत नाहीये."

"मंग ऱ्हाऊंदे की निजल्याली. लई दिसांनी वाड्याला झोप लागाय लागलीया."

तिचंही चूक नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला.

मी सुवर्णा ढेबे. पिंपळदंड धनगरवाड्यात जन्मले, अकरा घरं आणि साठ म्हशींत वाढले, पुढे आयटीआय करून जिल्ह्याच्या दरड कक्षात कंत्राटी तंत्रज्ञ झाले. तालुक्यातल्या चौदा वाड्यांवर बसवलेल्या चौदा 'कानोसा' पेट्यांची देखभाल माझ्याकडे. त्यातली सहा नंबरची पेटी माझ्याच वाड्यातली.

कानोसा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दगडावर ताण आला की तो एकदम तुटत नाही. आधी आतल्या आत केसाएवढ्या भेगा पडतात आणि प्रत्येक भेग पडताना एक टिचकी वाजते. ही टिचकी माणसाला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतली असते आणि मातीत दोन हातांवर विरून जाते. पण डोंगरात चाळीस फूट पोलादी कांब ठोकली, तर ती कांबेवरून वर चढते. एवढं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. नवीन शोध लागला तो असा, की टिचक्या किती पडतात याला फारसा अर्थ नाही. दोन टिचक्यांमध्ये अंतर किती, त्याला आहे. एरवी त्या कशाही, केव्हाही पडतात. कडा सुटायच्या आधी काही तास त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं. कढईत लाह्या टाकल्यावर आधी एखाददुसरी उडते आणि मग तडतड सुरू होते, तसं. ही तडतड ओळखायला मोठा संगणक लागत नाही. कांबेच्या डोक्यावर लोखंडी खांब, खांबावर पेटी, पेटीत पत्त्यातल्या पानाएवढ्या एकाच पाटीवर बसवलेला संगणक. पडदा नाही, कळफलक नाही. साठवण म्हणजे नखाएवढं कार्ड.

शोध उत्तम होता. त्याचं आम्ही काय केलं ते ऐका.

तीन वर्षांत पेटीनं पिंपळदंडचा धोक्याचा भोंगा अकरा वेळा वाजवला. अकरा वेळा वाडा म्हातारीकोतारी, लहान पोरं घेऊन तासभराची उतरण उतरून खाली धावला. अकराही वेळा डोंगर होता तिथेच. मागे राहिलेल्या गोठ्यांतून बिबट्यानं दोन पारडी उचलली, ती बाची. बा म्हणजे माझा बाप, धाकलू ढेबे. आणि नवव्या भोंग्याला ओहोळातल्या शेवाळावर आईचा पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून ती चिपळूणला माझ्या बहिणीकडे आहे, कारण पिंपळदंडची चढण आता तिला जमत नाही. दहाव्या भोंग्याला बा उठलाच नाही. माझ्याशी बोलणंही त्यानं तेव्हापासून कामापुरतं ठेवलं होतं. पेटी मी बसवली होती ना.

पेट्या देणाऱ्या कंपनीनं आतली प्रणाली कुलपात ठेवली होती. पेटी काय ऐकते ते आम्हाला कधी कळायचं नाही, फक्त निकाल कळायचा: हिरवा किंवा लाल. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला पेटी कंपनीच्या संगणकाला विचारायची, 'चालू राहू का?' जूनमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. एक जुलैला पेट्यांनी विचारलं, पलीकडे उत्तर द्यायला कुणी नव्हतं, आणि चौदाच्या चौदा पेट्या एका सकाळी मुक्या झाल्या. कक्षप्रमुख निमकर साहेब म्हणाले, नवी निविदा निघेल, दिवाळीनंतर नव्या पेट्या येतील. दरडींनाही तसं परिपत्रक पाठवायला हवं होतं.

यंदा वाड्याच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, मला हातभर रुंदीची भेग दिसली होती. बा म्हणाला, "दरसाल पडतीया." पण दरसालची भेग बोटभर असते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मी ठरवलं, पेटी पुसून टाकायची आणि तिच्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक खुली प्रणाली बसवायची. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्या मालकीची नसलेली, चालू व्हायला कुणाची परवानगी न मागणारी. टिचक्या ऐकण्याचा मूळ प्रोग्रॅमही संशोधकांनी खुला ठेवला होता. निमकर साहेबांना विचारलं तर म्हणाले, "सुवर्णा, मी हे ऐकलं नाही असं समज." ऐकण्याच्या खात्याचा प्रमुख!

खांबावरच्या पेटीतला संगणक काढून मी शाळेत आणला, खांबापासून खोलीपर्यंत चाळीस हात तार ओढली आणि म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणतात. मी ती मोजायला लागले.

पहिल्या दोन वेळा कार्ड चाललं नाही, कारण उतरवून घेतलेली फाइल रेंज तुटल्यामुळे अर्धवट होती. खोलीतल्या खिडकीच्या एकाच कोपऱ्यात फोनला रेंज येते. तिथे फोन टांगून मी फाइल पुन्हा उतरवली, साडेतीन तास. तिसऱ्या वेळी फाइल पूर्ण होती, पण ती कार्डावर नीट बसेना. चौथ्यांदाही तेच झालं तेव्हा मी कार्डाचीच तपासणी केली. लेबल चौसष्ट जीबीचं, पोटात जागा आठ. बाजारातल्या दुकानदारानं शपथेवर दिलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी माझ्या स्वतःच्या फोनमधलं कार्ड काढलं, त्यावरचे भाचीच्या बारशाचे फोटो पुसले आणि त्याच्यावर लिहिलं.

हिरवा दिवा लुकलुकला!

आता पेटी उठत होती, पण काय बोलत होती ते कळायला पडदा नव्हता. त्यासाठी तीन तारांची केबल लागते: एक जमीन, एक बोलायची, एक ऐकायची. जोडली. लॅपटॉपवर शांतता. वीस मिनिटं डोकं आपटल्यावर लक्षात आलं, मी तिचं तोंड माझ्या तोंडाला आणि कान कानाला जोडला होता. तारा उलटवल्या, तर कचरा यायला लागला, चौकटी आणि उलटीसुलटी चिन्हं. बोलण्याचा वेग जुळत नव्हता. वेग जुळवला. मग अक्षरं आली, भराभर वर सरकली आणि थांबली: मूळ विभाग सापडत नाही.

कार्डावर दोन कप्पे असतात. पहिल्यात उठायचं कसं ते, दुसऱ्यात बाकीचं सगळं घर. मी कार्ड बदललं तेव्हा दुसऱ्या कप्प्याचा ओळखक्रमांक बदलला होता आणि पहिला कप्पा जुन्याच पत्त्यावर जाऊन कडी वाजवत होता. एका ओळीची दुरुस्ती, पण ती ओळ सापडायला संध्याकाळ गेली आणि तोवर सौर पॅनेलची वीज संपली. केबल भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. मारली नाही, कारण दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा आला. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात इरलं. किटली माझ्यापुढे आदळली.

"जेवलीस का राती?"

"भाकरी होती काकीची."

"ही डबी चालू झाली म्हंजी फिरून भोंगा व्हय?"

"बा, वरच्या भेगेत हात जातोय माझा."

"माजी दोन पारडी गेली तुझ्या डबीपायी. तुझी आय गेली चिपळुनाला." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "डोंगूर म्या पंचावन वर्स बघतुया. तू मला त्याचं सांगनार?"

मी पेटीची वीज काढून पुन्हा लावली, निव्वळ हाताला काहीतरी काम हवं म्हणून. अक्षरं सरकली, सरकत राहिली, आणि या वेळी न थांबता शेवटपर्यंत गेली. पडद्यावर एक शब्द आणि पुढे उघडझाप करणारी रेघ. पेटी मला नाव विचारत होती.

मी ओरडलेच. बा दचकला. "काय झालं?"

"उठली! उठली ती!" नाव आणि परवलीचा शब्द टाकून मी पहिल्यांदा तारीख विचारली. उत्तर आलं: १ जानेवारी १९७०, सकाळचे पाच वाजून एकतीस मिनिटं.

"काय म्हनतीया?"

"म्हणतेय, आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर."

बा पुढे आला. डोळे बारीक करून पडद्याकडे बघू लागला. "ती तर माजी तारीख हाय."

खरंच होतं. बाचा जन्म कुठल्या दिवशीचा हे आजीलाही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की म्हशी खाली उतरवल्या होत्या. आधार कार्ड काढणाऱ्यानं अंदाजे सत्तर साल धरलं आणि दिवस टाकला एक जानेवारी. ज्याला आपला जन्म ठाऊक नाही त्याला सरकार एक जानेवारी देतं. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांचंही तेच. ती वेळ मोजतात सेकंदांत, आणि मोजणी सुरू होते १९७० सालच्या पहिल्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे ती सकाळी साडेपाचला. घड्याळ बंद असताना वेळ धरून ठेवायला बटणाएवढा सेल लागतो. तो कंपनीनं बसवलाच नव्हता, कारण पेटी वेळही कंपनीलाच विचारायची. विचारायला कुणी उरलं नाही, की पेटी आपल्या जन्मापासून मोजायला लागते.

हे सगळं मी बाला सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"म्हंजी माझ्या वारगीचा हाय ह्यो, माझ्याच वयाचा," तो म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. पेटीची 'ती' होती, तिचा तिथल्या तिथे 'तो' झाला.

हसून पुढचं काम होत नव्हतं. ऐकण्याचा प्रोग्रॅम उतरवायला गेले तर पलीकडचा संगणक दार उघडेना. आमची प्रमाणपत्रं तुमच्या तारखेला अजून लागूच झालेली नाहीत, म्हणाला. १९७० सालातल्या माणसाशी आजचं जग कशाला बोलेल? मी हातानं तारीख घातली. उतरवणं सुरू झालं. ढग दाटले, पॅनेलची वीज कमी पडली, पेटी विझली, उठली, पुन्हा १९७०. पुन्हा तारीख घातली. असं पाच वेळा. बा प्रत्येक वेळी म्हणायचा, "गेला माघारी?" आणि मला तारीख घालताना बघत बसायचा. दुपारी चारला एकदाचा प्रोग्रॅम बसला. पेटी उठल्याबरोबर तोही आपोआप सुरू होईल, धोका दिसला तर शाळेवरचा भोंगा वाजवेल, उपग्रहावरून दरड कक्षाला संदेश पाठवेल आणि त्याची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, असं मी सगळं लिहून ठेवलं.

कंपनीच्या प्रणालीत नव्हती अशी एक सोय यात होती. टिचक्या वीसपट संथ करून ऐकता येत होत्या. मी पेटीलाच हेडफोन जोडून कानाला लावला.

आधी नुसती खरखर. मग एक टप्प. बऱ्याच वेळानं टप्प टप्प. पाणी झिरपतं त्याचा आवाज असावा. कितीतरी वेळ मी तशीच बसले होते. इतकी वर्षं या पेट्यांची देखभाल केली, आणि डोंगर कसा ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हतं.

पाच वाजले असतील. एकदम कानात घर्रर्र सुरू झालं. घर्रर्र, ठक, घर्रर्र, ठक. अंतर कमी होत होतं. पडद्यावरची रेषा पिवळ्यावरून केशरी झाली. "बा, बाहेर!" म्हणून मी हेडफोन तसाच टाकून धावले, वर डोंगराकडे बघत, आणि गोठ्याला वळसा घालून खांबापाशी आले.

खांबाला म्हैस बांधलेली होती. बाची मोरी. रानातून नुकतीच आलेली, अंगावर पिसवा, आणि ती मनापासून त्या सरकारी खांबाला मान घासत होती. मधूनच शिंग मारत होती. ठक.

मी चिखलात मटकन बसले.

मी तपासणीला यायचे ती दुपारी, म्हशी रानात असताना. संध्याकाळी त्या परतायच्या आणि सकाळी धारेला उभ्या असायच्या तेव्हा मी खाली असायचे. सिमेंटात चाळीस फूट रोवलेला, गंज न धरणारा, हलवून न हलणारा खांब. अख्ख्या वाड्यात इतका भक्कम खुंटा दुसरा नव्हता. भोवतीची जाळी काढून कुणीतरी कोंबड्यांना केली होती. अकरा भोंग्यांपैकी नऊ सकाळ-संध्याकाळचे होते. कंपनीच्या तज्ज्ञांनी त्यावर अहवाल दिला होता: तापमानातील बदलामुळे कांबेचे आकुंचन-प्रसरण. चाळीस पानी अहवाल! त्यात म्हशीचं नाव नव्हतं.

मला हसू यायला लागलं. मी वळले तर बा मागे उभा होता. तो हसत नव्हता.

"ह्यो आवाज मोरीचा?"

"हो."

"भोंगा हिच्यानं वाजायचा?"

"बा, सगळे नाही..."

"नववा?" त्यानं विचारलं. "नववा सांच्यालाच वाजला हुता. मोरी हितंच हुती. म्याच बांधली हुती." त्यानं दाव्याची गाठ सोडायला घेतली. गाठ ओली होती, त्याला सुटेना. "म्हंजी तुझ्या आयला म्या पाडली."

"तू नाही पाडलंस. तुला कुणी सांगितलं होतं का, खांब काय करतो ते? मी तरी सांगितलं का? आम्ही येऊन हिरवा-लाल सांगून जायचो."

तो मोरीला घेऊन गेला. अर्ध्या तासानं परत आला, हात धुऊन, आणि खोलीत माझ्यासमोर बसला.

"मला ऐकीव."

मी हेडफोन त्याच्या फेट्यावरून घातला. त्यानं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्यो झरा हाय, ठकीच्या परसामागचा." मग, "ह्ये मूळ. आंब्याचं. वारा आला की वढतंय." मी पडद्यावर बघत होते, तो म्हणत होता तेव्हा तिथे खरोखरच बारीक टेकाडं उमटत होती. आणि मग त्याची मान किंचित कलली. "ह्ये काय हाय? ह्ये म्या कधी ऐकलं न्हाय."

मीही पाहिलं. एक टिचकी, सहा मिनिटांनी दुसरी. धोक्याच्या रेषेच्या खूप खाली.

"तो दगड आहे, बा," मी म्हटलं.

सेलाशिवाय गत्यंतर नव्हतं. पेटी सारखी विझत होती आणि मी नसताना तारीख घालणार कोण? दुसऱ्या दिवशी उजाडताच सहाला मी खाली उतरायला निघाले. बाला म्हटलं, भोंगा आपोआप वाजेल, तू फक्त ऐकत राहा, मोरीला तिथे बांधू नको.

"तू जा," तो म्हणाला. हेडफोन त्याच्या डोक्यावरच होता.

तालुक्याला तीन दुकानं हिंडले. पहिल्याकडे सेल नव्हता. दुसऱ्याकडे होता, पण तो पेटीत बसणारा नव्हता. तिसरा म्हणाला सोमवारी येईल. मग एका जुन्या वजनकाट्यातला काढून दिला त्यानंच, बरंच आर्जव केल्यावर. अडीच वाजले होते. चहाच्या टपरीवर बसून मी लॅपटॉप उघडला, सहज. कक्षाचं पान हिरवं होतं. चौदापैकी तेरा पेट्या बंद, सहा नंबर चालू, धोका नाही.

खाली माझी प्रत येऊन पडली होती.

पेटी क्रमांक ६. धोका: उच्च. दिनांक १ जानेवारी १९७०, वेळ १२.४१. आणि तिच्याखाली कक्षाच्या संगणकाचं उत्तर: नाकारला. संदेश मुदतबाह्य.

पेटी सकाळी पुन्हा विझली होती. सातला पॅनेलवर उजेड पडला तेव्हा उठली असणार, साडेपाचपासून मोजत. हिशोब केला: दोन वाजून अकरा मिनिटं. वीस मिनिटांपूर्वी.

निमकर साहेबांना फोन लावला. "साहेब, पिंपळदंडला लाल आहे."

"माझ्यासमोर हिरवं आहे."

"संदेश आलाय, तुमच्या संगणकानं टाकून दिला. त्याची तारीख सत्तर सालची..."

"सत्तर सालची?" ते म्हणाले. "सुवर्णा, तू त्या पेटीला काय केलंयस?"

मी फोन ठेवला. ठकूकाकीचा फोन लागला नाही. खिडकीच्या कोपऱ्यात असला तरच लागतो. भोंगा वाजला असणार, पण बाराव्या भोंग्याला कोण उठतंय? लांडगा आला रे आला, आम्हीच तर अकरा वेळा ओरडलो होतो. गाडी पिटाळत मी पायथ्याला पोचले, सव्वातीन, आणि पायवाटेनं धावत सुटले. सेल मुठीत होता. त्याचा आता काय उपयोग होता कुणास ठाऊक, पण मूठ उघडत नव्हती.

पहिल्याच वळणावर मोरी दिसली.

तिच्यामागे म्हशींची रांग, मधेमधे पोरं, पाटीत कोंबड्या घेतलेली ठकूकाकी, पाठुंगळी म्हातारे घेतलेले बाप्ये. अकराच्या अकरा घरं. सगळ्यात शेवटी बा, डोक्यावर अजून हेडफोन, त्याची तार छातीवर लोंबत होती.

"भोंगा ऐकून निघालात?" मला धाप लागली होती.

"भोंगा?" ठकूकाकी म्हणाली. "भोंगा वाजला तवा आमी निम्म्या वाटंवर हुतो. ह्या तुझ्या बानं बाराच्या सुमाराला परत्येकाला धरून शाळंत न्हेला. समद्यांच्या कानाला लावलं. म्हनला, ऐका, मोरी माझ्या म्होरं हुबी हाय, मंग ह्ये कोन वाजवतंय ते सांगा."

"सा मिन्टांचं दोन मिन्टांवर आलं हुतं," बा म्हणाला. "मंग म्या मोजायचं सोडलं आन् दावी सोडली."

पावणेचारला वरून आवाज आला. त्याला संथ करायची गरज नव्हती. पायाखालची वाट थरथरली, म्हशी एकदम थांबल्या, आणि टेपावरची झाडं उभीच्या उभी खाली निघाली. शाळा, खांब, अकरा घरं. आंबा थोडा वेळ दिसत राहिला. मग तोही दिसेना. कुणी रडलं नाही तेव्हा. ठकूकाकी हलक्या आवाजात कोंबड्या मोजत होती.

आता वाडा खालच्या आश्रमशाळेत आहे. म्हशी मैदानात आहेत, त्यावरून मुख्याध्यापकांशी रोज भांडण होतं. पुढे कुठे जायचं ते ठरत नाही. जागा दाखवतात तिथे चराई नाही, चराई आहे तिथे जागा देत नाहीत.

आणि चौथ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय यंत्रात विनापरवाना फेरफार केल्याबद्दल. कक्षाच्या नोंदीनुसार पिंपळदंड येथून कोणताही ग्राह्य इशारा प्राप्त झालेला नाही. मी ती वाचली आणि माझं डोकं इतकं फिरलं की कागद चुरगळूनच टाकला. बानं तो उचलला, मांडीवर सरळ केला.

"काय इचारत्यात?"

"इशारा कोणत्या दिनांकास आणि किती वाजता मिळाला, आणि त्याची पोच कुणी दिली."

"मंग सांग की. एक जानेवारी, सत्तर साल. बारा एक्केचाळीस. पोच दिली धाकलू ढेब्यानं. अंगठा घे माझा."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मी पेन घेतलं आणि तसंच्या तसं लिहिलं, दिनांक, वेळ, नाव. खरं तेच होतं.

"आनि लिव," तो म्हणाला, "नववा भोंगा मोरीचा हुता. मोरी धाकलूनं बांधली हुती. पोरीची चूक न्हवती."

"बा, हे त्यांनी विचारलं नाहीये."

"त्यांच्यापायी कोन सांगतंय? एक परत काढ त्याची. उंद्याच्याला चिपळुनाला जायचंय, तुझ्या आयला वाचून दावायला."